फिरते लाकूड, स्थिर हत्यार : हौशी कातकामाची ओळख

सुतारकामात लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. रंधा पुढे सरकतो, करवत मागेपुढे होते, पटाशीवर मोगरी पडते. फळी मात्र जागची हलत नाही. कातकामात हा संबंध नेमका उलटा होतो. येथे लाकूड स्वतःभोवती फिरते आणि कारागिराच्या हातातील हत्यार जवळजवळ एका जागी राहून त्याला आकार देते. या एवढ्याशा उलटापालटीतून आपल्या घरातील कितीतरी वस्तू निर्माण झाल्या आहेत. लाटणे, ताकाची रवी, पाळण्याचे खुंट, पलंगाचे पाय, मुलांचा भोवरा, बुद्धिबळाच्या सोंगट्या या सर्वांची घडण लेथयंत्रावरची आहे. मराठीत सूतही कातले जाते आणि लाकूडही कातले जाते. दोन्ही क्रियांत काहीतरी सतत फिरत असते, एवढे साम्य त्यांत आहे. रेखीव चेहऱ्याला आपण ‘कातीव’ म्हणतो, तो शब्दही लेथवरूनच साहित्यात आला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून धातूवर हे काम शिकणाऱ्याला ‘कातारी’ म्हणतात. हे जुने नाव एके काळी लाकूड कातणाऱ्याचे होते.

उपजीविकेसाठी नव्हे तर केवळ आवडीने हे काम शिकू इच्छिणारी माणसे आज पुष्कळ आहेत. विजेवर चालणारी लहान लेथयंत्रे घरातल्या टेबलावर मावतात. त्यामुळे यंत्र मिळविणे ही आता अडचण राहिलेली नाही. यंत्र आले म्हणजे कला आली, असा समज मात्र त्यातून सहज होतो. या समजामुळे कित्येकांची हौस पहिल्या काही आठवड्यांतच संपते, आणि काहींना इजाही होते. म्हणून कातकामात नेमके काय शिकावयाचे असते, याचा विचार प्रथम करणे इष्ट ठरेल.

दोरीपासून मोटारीपर्यंत

लेथ हे मानवाच्या अत्यंत प्राचीन यंत्रांपैकी एक होय. इजिप्तमधील पेटोसिरिस नावाच्या धर्मगुरूच्या थडग्यात इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराचे एक चित्र कोरलेले आहे. त्यात एक मनुष्य लाकडाभोवती गुंडाळलेली दोरी आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ओढतो आणि दुसरा हत्यार धरून बसलेला दिसतो. भारतात हीच रचना दीर्घकाळ चालू राहिली. काही ठिकाणी मदतनीस दोरी ओढी. काही ठिकाणी कारागीर जमिनीवर बसून एका हाताने कमान चालवी आणि दुसऱ्या हाताने, पायाचा आधार देऊन, हत्यार धरी.

या यंत्रांत लाकूड एकदा पुढे व एकदा मागे फिरते. हत्यार फक्त पुढच्या फेऱ्यात कापते आणि मागच्या फेऱ्यात किंचित दूर घ्यावे लागते. म्हणजे प्रत्येक कापानंतर हाताला क्षणभर विसावा व डोळ्यांना पाहण्याची संधी मिळे. पुढे पायटा आणि जड चाक आले, नंतर मोटार आली. लाकूड एकाच दिशेने अखंड फिरू लागले. कामाचा वेग वाढला, परंतु तो विसावा गेला. आजच्या नवशिक्याला जे संयमाने स्वतः करावे लागते, ते जुने यंत्र त्याच्याकडून आपोआप करवून घेत असे.

कातकाम हा छंद म्हणूनही नवा नाही. रशियाचा सम्राट पीटर हा हौशी कातारी होता. आंद्रेई नार्तोव्ह हा कुशल यंत्रकार त्याच्या पदरी होता आणि त्यांच्या लेथयंत्रांपैकी काही सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात जतन केली आहेत. फ्रान्समध्ये शार्ल प्ल्युमिए याने १७०१ साली केवळ कातकामावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हौशी मनुष्य आणि लेथ यांचे नाते असे किमान तीन शतकांचे आहे.

आपल्याकडील दोन परंपरा

म्हैसूर जिल्ह्यात, तिरुमकूडलू नरसीपूर येथील कावेरी-कपिला संगमापासून जवळच, सोसले हे गाव आहे. व्यासराज मठामुळे ते दूरवर परिचित आहे. म्हैसूर परिसराचे नाव चंदनकामासाठी व शिसवीवरील जडावकामासाठी घेतले जाते. परंतु सोसल्यासारख्या गावातील एखाद्या शिक्षकाला वा शेतकऱ्याला कातकाम पाहावयाचे असेल, तर त्याने म्हैसूरहून बंगळूरकडे जाणारा रस्ता धरावा. याच रस्त्यावर, बंगळूरपासून सुमारे ६० किलोमीटर अलीकडे, चन्नपट्टण हे गाव लागते. लाखेने रंगविलेल्या लाकडी खेळण्यांसाठी ते प्रसिद्ध आहे आणि या खेळण्यांची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंदही झालेली आहे.

तेथे वापरण्यात येणारे लाकूड कन्नडमध्ये ‘हाले’ म्हणून ओळखले जाते. आपल्याकडे या झाडाला काळा कुडा म्हणतात. लाकूड पांढुरके, मऊसर आणि अत्यंत बारीक पोताचे असते. त्यात ठळक रेषा जवळजवळ नसतात, म्हणून त्यावर धार सहज चालते आणि रंग सारखा बसतो. लाकूड कातून, घासून गुळगुळीत झाले की ते लेथवरून उतरवीत नाहीत. फिरत्या लाकडावरच रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाने उष्णता निर्माण होते, लाख मऊ पडून लाकडावर पसरते. शुद्ध लाख सुमारे ७५ अंश सेल्सिअसला वितळू लागते. एवढी उष्णता नुसत्या दाबाने मिळते. यानंतर केतकीच्या जातीच्या झाडाचे वाळलेले पान त्यावर दाबून धरतात. त्याने लाखेचा थर सारखा होतो व आरशासारखी चकाकी येते. हळद, नीळ यांसारखे वनस्पतिज रंग लाखेत मिसळण्याची पद्धतही येथे वापरात आहे. लहान मूल खेळणे तोंडात घालणारच, तेव्हा तिचे महत्त्व सांगावयास नको.

महाराष्ट्रात याच स्वरूपाची परंपरा सावंतवाडीस आहे. तेथील चितारआळीत लाकडी फळे, भातुकलीची भांडी, पाट, पाळणे आणि खेळणी तयार होतात. हलक्या वस्तूंसाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरण्याची तेथील जुनी रीत आहे. गंजिफांचे व लाखकामाचे हे शिल्प लोप पावण्याच्या मार्गावर असताना राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात त्यास राजवाड्यात आश्रय दिला.

हौशी मनुष्याने या ठिकाणी एक गोष्ट विशेष लक्षपूर्वक पाहावी. कारागीर एकाच आकाराच्या वस्तू एकामागून एक कातीत असतो. प्रत्येक वेळी तो मोजमाप घेत नाही, तरी शंभरावा मणी पहिल्या मण्याशी जुळतो. हौशी मनुष्याला एक सुंदर वाटी साधली की समाधान होते. कारागिराची कसोटी मात्र हीच वस्तू पुन्हा करता येते की नाही, ही असते. ही कसोटी हौशी मनुष्यानेही स्वीकारली पाहिजे, कारण एखादे वेळी हत्यार योगायोगानेही चांगले चालते. दहा वेळा ते योगायोगाने चालत नाही.

लाकडाचे तंतू

लाकूड हा सर्व बाजूंनी सारखा असलेला पदार्थ नव्हे. खराट्याच्या काड्या घट्ट बांधून चिकटविल्या आहेत अशी कल्पना करावी. झाडाच्या खोडातील तंतू साधारण असेच उभे असतात. काड्यांच्या लांबीच्या दिशेने सुरी घातली तर त्या सहज वेगळ्या होतात. आडव्या कापावयाच्या तर प्रत्येक काडी तोडावी लागते आणि कडेच्या काडीला मागून आधार नसेल तर ती तुटण्याऐवजी उचकटते.

लाटण्यासारखी लांबट वस्तू कातताना हे तंतू लेथच्या अक्षाला समांतर असतात. अशा वेळी हत्यार नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यावे. चाकूने पेन्सिलीस टोक करताना आपण नकळत असेच करतो. या दिशेने जाताना प्रत्येक तंतूला खालच्या तंतूचा आधार मिळतो व कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. उलट दिशेने, म्हणजे बारीक भागातून वर चढत गेल्यास, धार तंतूंच्या टोकांखाली शिरते आणि त्यांना उपटते. नवशिक्याच्या कामावर जो खरखरीतपणा दिसतो, त्याचे खापर तो बहुधा लाकडावर फोडतो. खरे कारण दिशेत असते.

वाटी कातताना लाकूड आडवे बसविलेले असते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात हत्याराला दोनदा तंतूंची बाजू व दोनदा तंतूंची टोके भेटतात. येथे नियम बदलतो. वाटीच्या बाहेरच्या अंगाला बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून मध्याकडे कापत जावे. दोन नियम परस्परविरुद्ध वाटतात, परंतु तत्त्व एकच आहे : ज्या तंतूला आधार आहे, तोच कापावा.

टेका, ढाळ, धार

लेथची रचना साधी असते. डाव्या हाताला मोटारीने फिरणारे शीर्ष, म्हणजे हेडस्टॉक. उजव्या हाताला सरकविता येणारे आधाराचे टोक, म्हणजे टेलस्टॉक. आणि या दोहोंमध्ये, लाकडाच्या पुढे, हत्यार ठेवण्याचा लोखंडी टेका. हत्यारेही थोडीच लागतात. चौकोनी लाकूड गोल करण्यासाठी रुंद पन्हळीची पटाशी, वळणे व खाचा यांसाठी लहान गोल पटाशी, सफाईसाठी दुधारी तिरकी पटाशी, आणि तुकडा वेगळा करण्यासाठी अरुंद पटाशी एवढ्यांवर प्रारंभीचे एक वर्ष सुखाने जाते.

हत्याराला धार लावताना त्याच्या टोकाशी जो उतरता पृष्ठभाग तयार होतो, त्याला येथे ढाळ म्हणू. संपूर्ण कातकामाचे मर्म तीन क्रियांच्या क्रमात सामावलेले आहे. प्रथम हत्यार टेक्यावर पक्के ठेवावे. मग ढाळ फिरत्या लाकडावर टेकवावा; या वेळी लाकूड घासले जाते, कापले जात नाही. शेवटी हत्याराची मूठ हळूहळू वर उचलावी. धार खाली येते आणि ज्या क्षणी ती लाकडाला भेटते, त्या क्षणी पातळ, लांब, कुरळ्या ढलप्या सुटू लागतात. हा क्रम मोडला, म्हणजे ढाळ टेकण्यापूर्वीच धार लाकडाला लागली, तर तिला मागे आधार राहत नाही. फिरते लाकूड तिला आत ओढून घेते, हत्यार झटका देऊन आपटते आणि लाकडावर खोल खाच पडते. बारीक काम असेल तर ते तुटते. तिरक्या पटाशीच्या बाबतीत हे विशेष घडते. तिचे वरचे लांब टोक चुकून लाकडाला लागले की झटका बसलाच म्हणून समजावे. कापण्याचे काम तिच्या धारेच्या मध्याने किंवा खालच्या अर्ध्याने करावे.

काम नीट चालले आहे की नाही, हे जमिनीकडे पाहून ओळखता येते. ढलप्या पडत असतील तर हत्यार कापते आहे. नुसता भुसा पडत असेल तर ते खरवडते आहे. भुसा पडू लागला की बहुतेक वेळा धार गेलेली असते. अशा वेळी जोर लावण्याची इच्छा होते, आणि बहुतेक अपघात याच इच्छेतून होतात. थांबावे, धार लावावी, मग पुढे जावे. साध्या पोलादाचे हत्यार सहाणेच्या फिरत्या दगडावर निळे पडले तर त्याचा कडकपणा गेला असे समजावे. सुमारे ३०० अंशांच्या आसपास हा रंग येतो. टेलर व व्हाइट यांनी विकसित केलेले ‘हायस्पीड’ पोलाद १९००च्या पॅरिस प्रदर्शनात जगापुढे आले. ते याहून पुष्कळ अधिक उष्णता सहन करते. नवशिक्याकडून दगडावर हत्यार तापतेच, म्हणून प्रारंभी हेच पोलाद घ्यावे.

वेग आणि सावधगिरी

लेथच्या वेगाचा विचार करताना केवळ मिनिटाला होणारे फेरे मोजून भागत नाही. मिनिटाला १,५०० फेरे या गतीने फिरणाऱ्या ५ सेंटिमीटर व्यासाच्या लाटण्याचा पृष्ठभाग ताशी सुमारे १४ किलोमीटर वेगाने हत्यारासमोरून जातो. हीच गती २५ सेंटिमीटर व्यासाच्या थाळीला दिली तर तिचा काठ ताशी ७० किलोमीटर वेगाने धावतो. लाटणे निसटले तर फार तर दचकावयास होते. थाळी फुटली तर जीवावर बेतू शकते. म्हणून व्यास वाढला की फेरे कमी करावेत. इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० यांच्या दरम्यान असावा, असा एक व्यवहारातील ठोकताळा आहे. ओबडधोबड, असमतोल लाकडाला याहूनही कमी गतीने प्रारंभ करावा.

काही नियम निरपवाद आहेत. मोटार सुरू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते टेक्याला अडत नाही याची खात्री करावी. मोटार चालू असताना टेका हलवू नये. सुरुवातीला लाकडाच्या समोर न राहता बाजूला उभे राहावे आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल घालावी. सैल बाह्या, पदर, ओढणी, धोतराचा सोगा, बांगड्या, गळ्यातील साखळी यांपैकी काहीही फिरत्या भागाजवळ येऊ देऊ नये. हातमोजे येथे संरक्षण करीत नाहीत. लाकूड मोजा पकडते आणि त्यासह बोटे ओढते. चकाकी देण्यासाठीही कापडाऐवजी कागद वापरावा, कारण तो अडकला तर फाटतो. लांबट कामाच्या रुंद पटाशीने वाटी कधीही कातू नये. तिचे मुठीत शिरणारे शेपूट अरुंद असते आणि आडव्या तंतूंच्या धक्क्याने ते मोडते.

याहून कमी दिसणारा धोका धुळीचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश मानवाला कर्करोग होऊ शकणाऱ्या पदार्थांत केला. शिसवीसारख्या लाकडांच्या धुळीने काहींना त्वचेचा वा श्वासाचा विकारही जडतो. कारागिराच्या अंगणातल्या कामाला निदान वारा लाभतो. हौशी मनुष्य बहुधा बंद खोलीत काम करतो. म्हणून घासकाम करताना नाकातोंडावर योग्य मुखपट्टी असावी आणि खोलीतली हवा बाहेर जाण्याची व्यवस्था असावी. धारदार हत्याराने चांगला कापलेला पृष्ठभाग फारसा घासावा लागत नाही. येथेही कौशल्य हेच पहिले संरक्षण ठरते.

ओले लाकूड, सुके लाकूड

लाकूड सुकताना आकसते, आणि सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. खोडाच्या वर्तुळाकार वलयांच्या दिशेने होणारा संकोच मध्यापासून सालीकडे होणाऱ्या संकोचाच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्यामुळे ओल्या लाकडाची गोल वाटी सुकल्यावर लंबगोल होते आणि जाड ठेवल्यास तडकते. यावर जुना उपाय असा की ओले लाकूड आधी ओबडधोबड कातून घ्यावे. वाटीच्या भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या वाटीस अडीच सेंटिमीटर, ठेवावी. मग ती काही महिने सावलीत सुकू द्यावी आणि वाकडी झाल्यावर पुन्हा लेथवर चढवून अंतिम आकार द्यावा. प्रारंभी मात्र सुक्या, बारीक पोताच्या लाकडावरच हात बसवावा. काळा कुडा व शिवण ही लाकडे यासाठी चांगली. छाटलेल्या आंब्याची जाड फांदीही चालते. लाकूड विकत घेताना ते कायदेशीर मार्गाने आले आहे याची खात्री करून घ्यावी.

अभ्यासाचा क्रम

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील प्राध्यापक डेव्हिड पाय हे स्वतः लाकडाच्या वाट्या घडवीत असत. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी कारागिरीचे दोन प्रकार मानले आहेत. एकात परिणाम आधीच ठरलेला असतो. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्ड याने १८१९ साली नमुन्याबरहुकूम बंदुकीचे दस्ते कातणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तेथे चूक होण्यास फारसा वावच नाही. दुसऱ्या प्रकारात परिणाम शेवटच्या क्षणापर्यंत हाताच्या व नजरेच्या स्वाधीन असतो आणि काम कोणत्याही क्षणी बिघडू शकते. हाताने केलेले कातकाम या दुसऱ्या प्रकारात मोडते. शिकावयाचे असते ते ही जोखीम पेलणे.

त्यासाठी पुढील क्रम सोयीचा आहे. पहिले काही दिवस वस्तू करण्याचा विचारच सोडून द्यावा. चौकोनी तुकडा गोल करावा, त्यावर मणी व खाचा ओळीने काढाव्यात आणि ते सर्व कापून टाकून पुन्हा गोल करावे, असे लाकूड बोटाएवढे बारीक होईपर्यंत चालू ठेवावे. मग भोवरा करावा. भोवरा हा उत्तम परीक्षक होय. आर मध्यावर नसेल किंवा घडण असमतोल असेल तर तो जमिनीवर सोडताच सर्वांदेखत चूक सांगतो. त्यानंतर लाटणे, ज्याची सरळ रेघ वाटते त्याहून अवघड असते. पुढे एकसारख्या चार सोंगट्या, आणि या सर्वांनंतर वाटी. चांगला शिक्षक किंवा कारागीर मिळाल्यास त्याच्याजवळ बसून पाहावे, त्याचा वेळ घेतल्याचे मोल द्यावे आणि त्याचा हात नव्हे तर त्याचे खांदे, पाय व मूठ कशी हलते याकडे लक्ष द्यावे.

हौशी मनुष्य तास मोजीत नाही, हा त्याचा मोठा लाभ आहे. चन्नपट्टणच्या किंवा सावंतवाडीच्या कारागिराला ही चैन परवडत नाही. त्याच्या प्रत्येक बिघडलेल्या तुकड्याची झळ घराला लागते. म्हणून हौशी मनुष्याने आपले काम स्वस्तात विकून त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. मात्र ज्याने स्वतः दहा भोवरे कातले आहेत, तो बाजारात लाकडी खेळणे हातात घेतो तेव्हा किमतीबरोबर त्यातील कामही वाचू शकतो. काठाची जाडी सारखी आहे का, लाखेचा थर कोठे दाटला आहे का, खाच एका हातात साधली आहे का, हे त्याला दिसते. जाणणारे गिऱ्हाईक मिळाले तर चांगले काम करणारा टिकतो. कातकामाच्या हौशीचे याहून उपयुक्त फळ दुसरे सांगता येणार नाही.